कॉस्टिक सोडा विरघळताना पाणी गरम होतं, मग पाणी तापवल्यावर तो कमी विरघळायला हवा ना?

अर्धामोल

नमस्कार मंडळी. एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, पुस्तकात सरळ उत्तर मिळेना म्हणून इथे टाकतोय.

ल शातेलियेचं तत्त्व आपण सगळे शिकतो, १८८४ सालचं. समतोलाला धक्का दिला की तो धक्का कमी होईल त्या बाजूला समतोल सरकतो. हेच विद्राव्यतेला लावलं की नियम निघतो तो असा, पदार्थ विरघळताना उष्णता शोषत असेल तर तापमान वाढवल्यावर जास्त विरघळणार आणि उष्णता बाहेर टाकत असेल तर तापमान वाढवल्यावर कमी विरघळणार. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट या नियमात चपखल बसतो, विरघळताना पाणी गार करतो, आणि २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम ३२ ग्रॅम मावतो तर ६० अंशाला ११० ग्रॅम.

आता कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड घ्या. विरघळताना मोलमागे ४४.५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, भांडं हाताला चटका देईल इतकं तापतं. म्हणजे गरम पाण्यात त्याची विद्राव्यता घसरायला हवी. पण तक्ता बघितला तर ० अंशाला ४२ ग्रॅम, २० अंशाला १०९, ६० अंशाला १७४. घसरण सोडाच, झपाट्याने वाढतेय. मग तत्त्व चुकतंय, तक्ता चुकतोय की मी काहीतरी भलतीकडेच लावतोय?

तापमापी

तक्ता बरोबर आहे. तत्त्वही बरोबर आहे. पण उत्तराकडे जायच्या आधी विरघळताना उष्णता येते कुठून ते एकदा नीट मांडूया, कारण खाली बाकीचे वाचणारे पण असतील.

दोन कामं एकाच वेळी चालू असतात. स्फटिकात आयन एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात, त्यांना सुटं करायला ऊर्जा मोजावी लागते. आणि सुटे झालेल्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात तेव्हा ऊर्जा मोकळी होते. साध्या मिठाचे आकडे घ्या, जालक म्हणजे स्फटिकातली आयनांची रचना मोडायला मोलमागे साधारण ७८७ किलोज्यूल लागतात आणि पाण्याने आयनांना वेढा घातला की साधारण ७८३ परत मिळतात. दोन्ही आकडे केवढे अवाढव्य, आणि फरक फक्त ४! म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचितच गार होतं, बोटाला कळतही नाही. कुठला पदार्थ गरम करणार आणि कुठला गार करणार हे एवढ्या मोठ्या दोन आकड्यांच्या छोट्याशा वजाबाकीवर ठरतं, त्यामुळे सूत्र बघून अंदाज बांधणं अवघड जातं, शेवटी मोजूनच बघावं लागतं.

निवळशंख

एक बेसिक शंका विचारते, चालेल का? उष्णता बाहेर पडते तेव्हा विरघळतं हे पटतं, सगळं खाली घरंगळत जातं तसं. पण नवसागर किंवा युरिया पाण्याची उष्णता ओढून घेऊन विरघळतात, म्हणजे ते चढावर चढतात. कुणीही न ढकलता ते चढावर का चढतात?

तापमापी

@निवळशंख ताई, चालेल काय, याच प्रश्नाभोवती एकोणिसाव्या शतकात सगळं ऊष्मागतिकीशास्त्र फिरत होतं. त्या काळात मोठमोठे लोक असंच मानायचे की आपोआप घडणारी प्रत्येक रासायनिक क्रिया उष्णता बाहेरच टाकणार. थंड करत विरघळणारे क्षार हा त्या समजुतीला सगळ्यात सरळ खोडून काढणारा पुरावा होता.

ऊर्जा हा अर्धाच हिशोब आहे, दुसरा अर्धा एंट्रॉपीचा. स्फटिकात प्रत्येक आयनाची जागा ठरलेली असते, द्रावणात तो कुठेही फिरू शकतो, म्हणजे मांडणीच्या शक्यता प्रचंड वाढतात. गिब्जच्या समीकरणात उष्णतेच्या आकड्यातून तापमान गुणिले एंट्रॉपीतला बदल वजा होतो, आणि उत्तर ऋण आलं की क्रिया आपोआप होते. नवसागराला मोलमागे साधारण १५ किलोज्यूल लागतात पण एंट्रॉपीचा लाभ त्याहून मोठा आहे, म्हणून तो विरघळतो. त्या समीकरणात एंट्रॉपीला तापमानाने गुणलंय हे लक्षात ठेवा, तापमान वाढलं की एंट्रॉपीचं वजन वाढतं.

परीक्षानळी

एंट्रॉपी नेहमी विरघळण्याच्याच बाजूने असते असं मात्र समजू नका. चुन्याची निवळी घ्या. कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळताना उष्णता बाहेर टाकतं, तरी २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात ०.१७ ग्रॅमच विरघळतं. कॅल्शियमचा आयन लहान आणि त्यावर दुहेरी भार, तो आजूबाजूच्या पाण्याच्या रेणूंना इतका शिस्तीत बांधून ठेवतो की पाण्याची मोकळीक कमी होते आणि एकूण एंट्रॉपी घटते. आणि हा पदार्थ अर्धामोलच्या नियमाप्रमाणे वागतो, १०० अंशाला विद्राव्यता ०.०७ च्या आसपास येते. ताजी गाळलेली संपृक्त, म्हणजे आणखी चुना मावणार नाही अशी निवळी परीक्षानळीत घेऊन तापवा, स्वच्छ पाण्यासारखं दिसणारं द्रावण तापता तापता धुरकट व्हायला लागतं. गार पाण्यात मावलेला चुना गरम पाण्यात मावत नाहीये हे डोळ्यांनी दिसतं. तोंड बंद करून गार होऊ द्या, हलवत राहिलं की हळूहळू परत निवळतं.

जुनामापक

उष्णता मोजायची असेल त्यांच्यासाठी पद्धत सांगतो, काही भारी उपकरण लागत नाही. थर्माकोलचे दोन कप एकात एक घाला, वर पुठ्ठ्याचं झाकण, झाकणाला भोक पाडून तापमापी आणि ढवळायला काडी. १०० ग्रॅम पाणी घ्या आणि पदार्थ टाकायच्या आधी चार-पाच मिनिटं दर मिनिटाला तापमान लिहीत राहा, नुसतं एकदा बघून टाकू नका. मग बारीक केलेला पदार्थ एकदम टाका, ढवळा आणि पुढची दहा मिनिटं लिहीत राहा. आलेखावर मागचा भाग आणि पुढचा भाग रेघेने वाढवून टाकल्याच्या क्षणापाशी दोन रेघांतलं अंतर मोजा, तो खरा फरक. असं केलं नाही तर विरघळायला लागलेल्या वेळात खोलीतून जी उष्णता कपात आली ती तुमच्या आकड्यात घुसते.

नवसागराचा हिशोब बघा. १०.७ ग्रॅम म्हणजे ०.२ मोल. ०.२ गुणिले १४.८ म्हणजे सुमारे २.९६ किलोज्यूल पाण्यातून जाणार. द्रावणाचं वस्तुमान ११०.७ ग्रॅम, पाण्याचीच विशिष्ट उष्मा ४.१८ धरली तर प्रत्येक अंशाला ४६३ ज्यूल. भागाकार केला की ६.४ अंश. खरं तर क्षार मिसळलेल्या द्रावणाची विशिष्ट उष्मा पाण्यापेक्षा कमी असते म्हणून घट थोडी जास्त दिसायला हवी, पण कप, तापमापी आणि खोली मिळून थोडी उष्णता आत सोडतात, दोन्ही चुका एकमेकींना बऱ्यापैकी खाऊन टाकतात.

याच पद्धतीने १० ग्रॅम मीठ टाकलं तर दीड अंशाच्या आतबाहेर. कॉस्टिक सोडा ४ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल, तो तेवढ्याच पाण्याला १० अंशांनी वर नेतो. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कॉस्टिक सोड्याला हात लावू नका, डोळ्यात कण गेला तर तो ॲसिडपेक्षा खोल जखम करतो.

अर्धामोल

सगळ्यांचे आभार, खूप काही कळलं. पण माझा मूळ प्रश्न अजून तिथेच आहे. कॉस्टिक सोडा उष्णता टाकतो आणि तरी गरम पाण्यात जास्त विरघळतो. का?

द्रावक

आता मूळ प्रश्नाकडे येतो, जरा लांबेल पण सांभाळून घ्या कारण मला वाटतं की या विषयात शिकवताना सगळ्यात जास्त हात आखडता घेतला जातो तो इथेच.

४४.५ हा आकडा कुठल्या प्रयोगातून आला ते बघा. थोडासा कॉस्टिक सोडा भरपूर पाण्यात टाकला तेव्हाचा आहे तो. पण विद्राव्यता म्हणजे काय? द्रावण भरून वाहतंय, तळाला न विरघळलेला घन पडलाय आणि दोघांमध्ये समतोल आहे. ल शातेलियेचं तत्त्व या समतोलाला लागू होतं. म्हणून त्यात घालायची उष्णता कोऱ्या पाण्यात पडणाऱ्या पहिल्या चिमटीची नाही, जवळपास संपृक्त झालेल्या द्रावणात जाणाऱ्या शेवटच्या चिमटीची आहे. हे दोन आकडे वेगळे असतात. बऱ्याच क्षारांत फरक लहान असतो म्हणून पाठ्यपुस्तकातला नियम चालून जातो. कॉस्टिक सोड्यात फरक इतका मोठा आहे की चिन्हच उलटतं.

का उलटतं ते जवळून बघूया. २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात १०९ ग्रॅम कॉस्टिक सोडा. १०९ भागिले ४० म्हणजे २.७ मोल. १०० ग्रॅम पाणी म्हणजे ५.५५ मोल. भागाकार करा, एका सोडियम हायड्रॉक्साइडमागे पाण्याचे दोन रेणू! एक सोडियमच्या वाट्याचा, एक हायड्रॉक्साइडच्या. विरळ द्रावणात एकट्या सोडियमभोवतीच पाच-सहा पाण्याचे रेणू असतात. म्हणजे या भरलेल्या द्रावणात नवीन आयन आला तर त्याला वेढायला मोकळं पाणीच उरलेलं नाही, असलेलं पाणी आधीच्यांनी वाटून घेतलंय. वेढा घालताना जी ऊर्जा मिळायची ती आटली, आणि स्फटिक मोडायची किंमत मात्र तेवढीच राहिली. म्हणून शेवटची चिमूट उष्णता शोषून आत जाते, तापमान वाढवलं की ती जास्त जाते, आणि तक्ता वर चढतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तळाला कुठला घन पडलाय? आपण बाटलीतून निर्जल कॉस्टिक सोड्याचे दाणे टाकले म्हणून तळालाही तेच असतील असं नाही. साधारण १२ ते ६२ अंशांच्या दरम्यान संपृक्त द्रावणाशी समतोलात राहणारा घन म्हणजे पाण्याचा एक रेणू स्वतःत धरून असलेला मोनोहायड्रेट. त्याने पाणी आधीच पोटात घेतलंय, ती उष्णता तेव्हाच बाहेर पडून गेली. भरपूर पाण्यात विरघळताना हा मोनोहायड्रेट २१ किलोज्यूलच्या आसपास देतो, निर्जलच्या निम्मेसुद्धा नाही. आणि वर सांगितलं तसं भरलेल्या द्रावणात तेवढेही मिळत नाहीत.

निवळशंख

अरे वा, हे असं कुठेच वाचलं नव्हतं. मग निर्जल कॅल्शियम क्लोराइडचंही हेच असणार ना? तेही पाण्यात टाकलं की चांगलंच गरम होतं आणि तक्त्यात विद्राव्यता वाढतानाच दिसते.

द्रावक

अगदी हेच, आणि जास्त ठसठशीत. निर्जल कॅल्शियम क्लोराइड मोलमागे सुमारे ८१ किलोज्यूल बाहेर टाकतं, एकदा वापरून फेकायच्या गरम पिशव्यांत ते यासाठीच असतं. पण ३० अंशांच्या खाली संपृक्त द्रावणाच्या तळाला असतो तो पाण्याचे सहा रेणू बाळगणारा हेक्साहायड्रेट, आणि तो भरपूर पाण्यातसुद्धा उष्णता शोषूनच विरघळतो. एकच संयुग, एक रूप पाणी तापवतं, दुसरं गार करतं. तक्ता बनतो तो दुसऱ्या रूपावरून, आपण उष्णता मोजतो ती पहिल्या रूपाची, आणि मग दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून तत्त्वाला दोष देतो.

सगळ्यात सुंदर पुरावा हवा असेल तर सोडियम सल्फेटचा आलेख काढून बघा. ० अंशाला ५ ग्रॅमच्या आसपास, २० ला साधारण १९.५, आणि ३२.४ अंशांपर्यंत सरळ ५० च्या घरात. तिथे आलेखाला चक्क कोपरा येतो आणि पुढे तो हळूहळू उतरायला लागतो, १०० अंशाला ४३ च्या आसपास. ३२.४ च्या खाली तळाला डेकाहायड्रेट असतं, दहा पाणीवालं, ते उष्णता शोषतं म्हणून आलेख चढतो. वर गेलं की ते दहाही पाणी सोडून निर्जल होतं, निर्जल सोडियम सल्फेट उष्णता टाकतं म्हणून आलेख उतरतो. पाणी तेच, आयन तेच, द्रावणही तेच. बदलला तो फक्त तळाचा घन. हे रूपांतर इतक्या नेमक्या तापमानाला होतं की तापमापी तपासायला ते वापरलं गेलंय.

मोरपंखी

मोरचूदाचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो पण त्यातली उष्णता फार थोडे लोक मोजतात. निळे खडे तापवले की पाणी उडून पांढरी भुकटी राहते. ती पांढरी भुकटी पाण्यात टाकली तर द्रावण निळं होतं आणि तापतं, मोलमागे ६६ किलोज्यूलच्या आसपास. तेच निळे खडे बारीक करून टाकले तर पाणी उलट किंचित गार होतं, मोलमागे साधारण १२ शोषले जातात. शेवटी दोन्ही भांड्यांत अगदी सारखंच निळं द्रावण. मग दोन आकड्यांतलं अंतर, ७८, हे कशाचं? पांढऱ्या भुकटीने पाण्याचे पाच रेणू पोटात घेताना जी उष्णता पडते तिचं. ती थेट मोजायला गेलं तर भुकटी एका कोपऱ्यात ओली, दुसरीकडे कोरडी अशी गत होते, काही धड हाती लागत नाही. दोन विरघळण्यांची वजाबाकी केली की आकडा आयता मिळतो.

जुनामापक

@मोरपंखी, हाच हेसचा नियम, वाट कुठलीही घ्या, एकूण उष्णता तीच. हेसने १८४० मध्ये तो मांडला तेव्हा त्याच्यासमोर गंधकाम्ल होतं. वेगवेगळ्या प्रमाणात पाणी मिसळलेलं आम्ल घ्यायचा, अमोनियाने उदासीन करायचा आणि पाणी मिसळतानाची उष्णता अधिक उदासीन करतानाची उष्णता अशी बेरीज करायचा. पाणी कितीही टप्प्यांत मिसळलं तरी बेरीज तीच यायची. जूलचे प्रयोग अजून नीट मान्यही झाले नव्हते त्या काळातली ही गोष्ट, म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सर्वमान्य व्हायच्या आधीच हा माणूस उष्णतेच्या बाबतीत तेच दाखवून मोकळा झाला होता. मला याचं फार अप्रूप आहे.

आणि द्रावक सरांचं पहिल्या आणि शेवटच्या चिमटीचं म्हणणं गंधकाम्लात आकड्यांनी दिसतं. एक मोल आम्लात एक मोल पाणी मिसळा, साधारण २८ किलोज्यूल बाहेर. दुसरा मोल पाणी, एकूण ४२, म्हणजे नवे १४ च. तिसरा मोल, एकूण ४९, नवे फक्त ७. आणि अमर्याद पाणी ओतत गेलात तरी एकूण जाऊन थांबतं ९६ पाशी.

परीक्षानळी

आम्लात पाणी ओतायचं नाही, पाण्यात आम्ल बारीक धारेने सोडायचं आणि ढवळत राहायचं, हे का ते जुनामापक काकांच्या आकड्यांवरूनच कळतं. पाण्याचा पहिला थेंब सगळ्यात जास्त उष्णता देतो. शिवाय संहत गंधकाम्लाची घनता १.८४, पाणी वरच तरंगतं, आणि पाण्याच्या पातळ थरात सगळी उष्णता एका जागी कोंडून तिथेच उकळी फुटते, आम्लाचे थेंब तोंडावर उडतात. उलट केलं तर जड आम्ल खाली जात मिसळतं आणि उष्णता झेलायला भोवती भरपूर पाणी असतं.

कणकण

चांगला धागा चाललाय, वाचतोय. एक विचारायचं होतं, बर्फात मीठ टाकलं की तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, ते मीठ विरघळताना उष्णता शोषतं म्हणूनच ना? वर तर मिठाचा आकडा फक्त ४ दिलाय, तेवढ्यात एवढी थंडी कशी पडेल?

तापमापी

नाही पडत, बरोबर शंका आहे तुमची. थंडी देतो तो वितळणारा बर्फ, मीठ फक्त त्याला वितळायला भाग पाडतं. शुद्ध पाणी आणि बर्फ शून्याला सुखाने एकत्र राहतात. खारट पाण्याचा गोठणबिंदू खाली असतो, त्यामुळे शून्याचा बर्फ खारट पाण्यात टिकू शकत नाही, तो वितळतो, आणि वितळायला ग्रॅममागे लागणारे ३३४ ज्यूल मिश्रणातूनच उपसतो. हिशोब करा, १०० ग्रॅम बर्फ वितळायला ३३.४ किलोज्यूल. त्याबरोबर ३३ ग्रॅम मीठ विरघळलं तर त्याने शोषलेले जेमतेम २.२. पंधरा पट फरक! हे सगळं उणे २१ अंशापर्यंत चालतं, त्या तापमानाला खारट पाणीही मीठ आणि बर्फ होऊन गोठतं.

कॅल्शियम क्लोराइडने याहून खाली, उणे ५० च्या आसपास जाता येतं. पण त्यासाठी हेक्साहायड्रेटच घ्यावं लागतं, निर्जल टाकलं तर आधी स्वतःचीच उष्णता ओतून बर्फ वाया घालवतं. बघा, परत तळाच्या घनापाशीच आलो.

कणकण

धन्यवाद, हे आता पक्कं बसलं. वायूंचं पण असंच काही असतं का?

परीक्षानळी

वायू मोडायला स्फटिकच नसतो. वायूचे रेणू आधीच सुटे, त्यामुळे सामान्य तापमानाला पाण्यात जाताना ते बहुतेक वेळा उष्णता टाकतात आणि तापमान वाढलं की बाहेर पडतात. ऑक्सिजन हवेच्या संपर्कात ० अंशाला लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम, २० ला ९.१, ३० ला ७.६. माशांच्या जिवावर बेततं ते इथे, कारखान्यातून गरम पाणी नदीत सोडलं की त्यात काही विषारी नसलं तरी श्वासाला ऑक्सिजन कमी पडतो आणि गरम पाण्यात माशांची भूक मात्र वाढलेली असते. पाणी उकळायला ठेवल्यावर सुरुवातीला भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात ते वाफेचे नव्हेत, ही बाहेर पडणारी हवाच. दाबाचा नियम हेन्रीने १८०३ मध्ये सांगितला, जेवढा वायूचा दाब तेवढ्या प्रमाणात तो विरघळतो.

मोरपंखी

एक गोष्ट बरेच जण एकत्र करतात म्हणून सांगून ठेवते. ढवळणं आणि बारीक करणं यानं विरघळायचा वेग वाढतो, विद्राव्यता तीच राहते. तापमानाने दोन्ही बदलतात, म्हणून गोंधळ होतो. मिठाची विद्राव्यता ० अंशाला ३५.७ ग्रॅम आणि १०० अंशाला ३९, जवळजवळ सपाट रेघ, तरी गरम पाण्यात ते भराभर विरघळतं. आणि ती रेघ सपाट का हे आता वेगळं सांगायला नको, उष्णतेचा आकडाच शून्याजवळ आहे.

सोरा शुद्ध करायची पद्धत याच फरकावर उभी आहे. ६० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात ११० ग्रॅम सोरा, त्यात दहाएक ग्रॅम मीठ मिसळलेलं. २० अंशापर्यंत गार केलं की ७८ ग्रॅमच्या आसपास सोरा लांब सुईसारख्या स्फटिकांनी बाहेर येतो, मीठ मात्र पाण्यातच राहतं कारण त्याला २० अंशालाही भरपूर जागा आहे. स्फटिक होताना जेवढी उष्णता विरघळताना आत गेली तेवढी परत बाहेर पडते, म्हणून भांडं अपेक्षेपेक्षा हळू गार होतं.

निवळशंख

ती उष्णता बाहेर पडताना बघायची असेल तर सोडियम ॲसिटेटची पिशवी बघा, पुन्हा पुन्हा वापरता येणारी. आतला ट्रायहायड्रेट ५८ अंशाला स्वतःच्याच पाण्यात वितळतो, आणि गार झाला तरी स्फटिक होत नाही, अतिसंपृक्त होऊन द्रवच राहतो. आतली धातूची चकती वाकवली की तिच्यापासून पांढरे तंतू पसरत जातात आणि काही सेकंदांत सगळी पिशवी घट्ट होऊन चांगलीच गरम होते. उकळत्या पाण्यात ठेवली की परत द्रव, पण सगळे खडे वितळायला हवेत, एक जरी राहिला तरी गार होताना तो बाकीच्यांना ओढून घेतो.

जुनामापक

प्रमाणित द्रावण बनवणाऱ्यांसाठी एक सूचना. लिटरला एक मोल कॉस्टिक सोडा म्हणजे ४० ग्रॅम टाकले की द्रावण १० अंशांनी तापतं. नुसतं पाणीसुद्धा २० चं ३० झालं की पाव टक्का फुगतं, लिटरला अडीच मिली. तापलेल्या द्रावणाने खुणेपर्यंत भरलं तर गार झाल्यावर पातळी खाली जाते आणि संहती ठरवल्यापेक्षा जास्त निघते. आधी चंचुपात्रात थोड्या पाण्यात विरघळवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच मोजफ्लास्कमध्ये ओतून खुणेपर्यंत भरा. कॉस्टिक सोडा हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइडही ओढतो, त्यामुळे तोलून केलेल्या द्रावणाची संहती टायट्रेशन करून तपासावीच लागते.

अर्धामोल

द्रावक सर, तळाचा घन आणि शेवटची चिमूट, हे लक्षात घेऊन तक्ता उलटा वाचून बघतोय. लिथियम कार्बोनेटची विद्राव्यता २० अंशाला १.३३ ग्रॅम आणि १०० अंशाला ०.७२ दिलीय, म्हणजे घसरतेय. त्याला पाणीवालं रूप नाही, आणि इतकं कमी विरघळतं की द्रावण संपृक्त असलं तरी विरळच, म्हणजे पहिली आणि शेवटची चिमूट जवळपास सारखीच. तर ते विरघळताना उष्णता बाहेर पडायलाच हवी, बरोबर?

द्रावक

बरोबर, आणि तर्कही जिथे लावायचा तिथेच लावलात. मोलमागे साधारण १८ किलोज्यूल बाहेर पडतात. कारखान्यात लिथियमच्या द्रावणात सोडा ॲश घालून कार्बोनेट साक्यासारखं खाली बसवतात ते म्हणूनच गरम असताना, ८०-९० अंशांच्या आसपास, आणि धुवायलाही गरमच पाणी घेतात, गार पाण्याने धुतलं तर माल विरघळून वाहून जातो.